वाचनालयातला लाल्या

तुमच्या गावच्या वाचनालयाची किल्ली आज, या घटकेला, कोणाच्या खिशात आहे, हे तुम्हाला सांगता येईल का? वाचनालय आहे की नाही, असं मी विचारत नाही. ते असतंच. पाटी असते, उद्घाटनाची कोनशिला असते, कोनशिलेवर पाच नावं असतात. मी फक्त किल्लीचं विचारते आहे.

आमच्या गावच्या किल्लीचा पत्ता मला पक्का माहीत होता. ती वाचनालयाच्या अध्यक्षांच्या खिशात होती, सफारीच्या वरच्या, डाव्या. आणि हे माहीत असून मी काय केलं? त्या अध्यक्षांची मोटार खपावी म्हणून पत्रक लिहिलं. 'सुवर्णसंधी' हा शब्द मी आयुष्यात एकदाच वापरला आहे, तो त्या पत्रकात.

आमचं गाव दारव्ह्यापासून जीपने अर्ध्या तासावर. वाचनालयाची खोली मुळात सोसायटीचं खताचं गोदाम, म्हणून तिला बैलगाडी आत जाईल एवढं रुंद लोखंडी दार आणि दारापुढे सिमेंटचा उतार. गोदाम दुसरीकडे गेलं तेव्हा गावाने ती खोली मागून घेतली. बायकांनी भिंतींना चुना मारला. युरियाचा वास जायला दोन पावसाळे लागले. आत दोन कपाटं, एक लांब टेबल, दोन बाकं आणि एक ट्यूबलाइट. कपाटं अध्यक्षांनी दिलेली. त्यांचं दारव्ह्यात बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. कपाटांवर त्यांनी आपलं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं की परक्या माणसाला वाटावं, आतली सगळी पुस्तकं यांनीच लिहिली आहेत.

ती कापूस पडल्याची वर्षं होती. भाव पडलेले, आणि कपाशीवर लाल्या आलेला. पानं लाल होऊन झाड जागच्या जागी वाळतं, त्या रोगाला आमच्याकडे लाल्या म्हणतात. जिल्ह्यात पांढऱ्या गाड्यांची रीघ लागली होती. पाहणी करणारे यायचे, मग पाहणी करणाऱ्यांनी नीट पाहणी केली का ते पाहणारे यायचे. कॅमेरेवाले बायांना विहिरीच्या काठावर उभं करायचे आणि म्हणायचे, "जरा खाली बघा." माझ्या आईला एकाने असं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "खाली काय पाहू बाप्पा? चप्पल तं जुनीच हाय." तेवढा भाग त्यांनी दाखवला नाही.

लाल गाडी मात्र एकच आली.

अध्यक्षांचा मुलगा पुण्याला इंजिनिअर व्हायला गेला होता. बियाण्यांचा धंदा जोरात होता त्या दोन हंगामांत त्याने तिथल्या कोणा हौशी माणसाकडून ती वापरलेली गाडी घेतली. दोन दारं, दोन सीटं, जमिनीला टेकलेलं पोट, आणि आवाज असा की उभी असतानाही कोणावर तरी खेकसते आहे असं वाटावं. पुढे धंदा बसला. मुलगा परत आला. पदवी पुण्यात राहिली, गाडी सोबत आली.

ती दारव्ह्यात ठेवता येईना. जागेची अडचण नव्हती, दुकानामागे जागा मोकळी होती. अडचण अशी की दुकानात येणारा माणूस मागच्या हंगामाचं बियाणं का उगवलं नाही हे विचारायला यायचा, आणि विचारता विचारता त्याची नजर मागच्या अंगणात जायची. म्हणून एका सकाळी ती गाडी झाकून, ट्रकवर चढवून, अध्यक्षांच्या मूळ गावी म्हणजे आमच्याकडे आणली गेली. रुंद दार आणि समोर उतार अशी खोली गावात एकच होती.

"आठ दिवसाचा सवाल हाय," अध्यक्ष म्हणाले.

आठ दिवसांत मूग निघाला. सोयाबीन निघालं. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी वावरात दहीभाताचा नैवेद्य ठेवून सीतादही करतात, तीही झाली. तूर निघाली. उन्हाळा गेला, दुसरी पेरणी आली. आठ दिवस सरेनात. टेबल उभं करून भिंतीला लावलं होतं. कपाटांची तोंडं भिंतीकडे फिरवली होती, कारण तशी कमी जागा लागते, असं अध्यक्षांच्या मुलाचं म्हणणं होतं. याला इंजिनिअरिंग म्हणतात. वर्तमानपत्रं येत राहिली, वर्गणी भरलेली होती. त्यांनी गाडीच्या काचा पुसल्या जात. त्या वर्षभरात आमच्या गावात सगळ्यात जास्त वर्तमानपत्रं जर कोणी पाहिली असतील, तर त्या गाडीने.

आता आमचं काय गेलं ते सांगते. आम्ही चार मुली त्या खोलीत बसायचो. मुलीने घराबाहेर पडायला गावात तीनच कारणं चालत : पाणी, वावर आणि वाचनालय. पहिल्या दोन्हीत डोक्यावर काहीतरी असावं लागतं. वाचनालय हे एकच ठिकाण होतं जिथे रिकाम्या डोक्याने जाऊन भरल्या डोक्याने येता येत होतं, आणि 'कुठं चालली?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर होतं. माझी मैत्रीण तिथे बसून तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची. खोली बंद झाल्यावर तिच्या बापाने दुसऱ्या पेरणीपर्यंत वाट पाहिली, मग सरळ सांगितलं, "वाचनालय बंद हाय तं बाहेर जायाचं काम नाही. दिवाळी झाली का पाहुणे बोलावू."

म्हणजे दिवाळीपर्यंत खोली उघडली नाही, तर मैत्रीण गेली. मग दुसरी गेली असती, आणि नंतर माझी पाळी.

म्हणून मी अध्यक्षांकडे गेले. ते आमच्या गावात आले की पारावर बसत आणि लोकांचे प्रश्न सोडवत. म्हणजे लोक प्रश्न सांगत आणि ते चहा सोडत.

"काका, खोली कधी मोकळी होईन?"

"पोरी, मले काय हौस हाय का गाडी कोंडून ठेवाची? गिऱ्हाईक पाह्यजे ना. लोकाच्या हाती पैसा नाही, अन् ज्याच्या हाती हाय त्याले ह्या गाडीत बसता येत नाही."

"मंग आमी कुठं बसाचं?"

"असं कर. तुह्या बाबाचं छापखान्यात वजन हाय, अन् तू लेखिका. झ्याक पत्रक लिही. गाडी खपली का त्याच दिवशी ही किल्ली तुह्या हातात." आणि त्यांनी डाव्या खिशावर थाप मारली. किल्ली आतल्या आत वाजली.

मला राग यायला हवा होता. मला काय आलं माहीत आहे? स्फूर्ती.

कारण मी पत्रकांवरच वाढले आहे. माझे बाबा दारव्ह्याच्या एका लहान छापखान्यात खिळे जुळवायचे. मोर्चा असो, बंद असो, कोणाचा निषेध असो, पत्रक बाबांच्या हातून जायचं. वाया गेलेले कागद ते घरी आणत. माझ्या शाळेच्या पुस्तकांना त्यांचीच कव्हरं होती, डब्यातली भाकर त्यांतच गुंडाळलेली असायची. मी 'कमळ' वाचायच्या आधी 'कष्टकऱ्यांनो' वाचायला शिकले. त्या कागदांनी मला एक शिकवलं : लिहायचं ते कोणाला तरी जागचं उठवण्यासाठी, आणि शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याला काहीतरी करायला सांगायचं. विद्यार्थिनी असल्यापासून मी स्वतःही पत्रकं लिहीत होते. खरेदी केंद्रातल्या काट्याविरुद्ध लिहिलं, हुंड्याविरुद्ध लिहिलं, 'खाली बघा' म्हणणाऱ्यांविरुद्ध लिहिलं. आणि मग लाल गाडीच्या बाजूने लिहिलं :

'हौशी मंडळींसाठी सुवर्णसंधी! पुण्याच्या रस्त्यांवर गाजलेली, लाल रंगाची, वाऱ्याशी शर्यत करणारी दोन आसनी मोटार वाजवी किमतीत देणे आहे. आजच या, बसून पाहा!'

बाबांनी कागद वाचला. दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

"हे तू लिह्यलं?"

"खोलीसाठी लिह्यलं, बाबा."

"मले समजते." त्यांनी उद्गारचिन्हांवर बोट ठेवलं. "हे दोन कमी कर. खिळे कमी हाय." खिळे कमी नव्हते. त्या आठवड्यात त्यांनी एका उद्घाटनाच्या पत्रकात अकरा उद्गारचिन्हं बसवली होती.

पत्रकं दारव्ह्याच्या बाजारात वाटली, जीपवाल्यांच्या हाती दिली. भजेवाल्यांनी ती आनंदाने घेतली, कागद चांगला होता.

पहिलं गिऱ्हाईक उमरखेडहून आलं. बँडपथकाचा मालक. त्याचा हिशोब चोख होता : साध्या गाडीत नवरदेव कोणीही बसवतं, आपण लाल गाडीत बसवू, चारी तालुक्यांत नाव होईल. अध्यक्षांच्या मुलाने गाडीवरचं कापड ओढलं. बँडवाला एकदा भोवती फिरला, आत वाकून पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"सीटं दोनच?"

"स्पोर्ट्स गाडी हाय," मुलगा म्हणाला. "दोनच असतात."

"मंग एका सीटवर डायवर. एका सीटवर नवरदेव. करवली कुठं बसन?"

मुलाला करवलीची आठवण नव्हती. नवरदेवाची बहीण हातात करा घेऊन त्याच्या शेजारी बसते, ती वरातीत नवरदेवापेक्षा पक्की असते. नवरदेव बदललेला एखादा पाहिला असेल, करवलीशिवाय वरात कोणी पाहिली नाही.

"नवरदेवानं स्वतः चालवावी ना," मुलगा म्हणाला.

"सोता?" बँडवाला माझ्याकडे वळला, जणू साक्षीला. "त्याच्या डोळ्यासमोर बाशिंगाच्या लडी, दोस्त मंडळीनं सकाळपासून त्याले काय पाजलं ते त्याले ठाव नाही, अन् तो ही गाडी चालवन? वरात नवरीच्या दारी नाही जायाची. नाल्यात जाईन. आमचे वाजवणारे मांगं मांगं नाल्यात."

तो चहा पिऊन गेला. जाताना मला म्हणाला, "बाई, पत्रक मात्र भारी होतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरं गिऱ्हाईक वणीकडचं, राजूरच्या बाजूला कोळशाची वाहतूक करणारा ठेकेदार. त्या मंदीत आमच्या जिल्ह्यात पैसा कुठे असेल तर जमिनीच्या वर नव्हता, खाली होता. ठेकेदाराने गाडी गावातल्या रस्त्यावर शंभर पावलं चालवून पाहिली. शाळेपुढच्या गतिरोधकावर तिचं पोट टेकलं आणि असा आवाज आला की शाळेतली मुलं बाहेर धावली. तो उतरला, म्हणजे दोघांनी धरून उतरवला.

"चीज चांगली हाय," तो म्हणाला. "पण आमच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक. ही गाडी ट्रकच्या खालून आरपार जाईन, ट्रकवाल्याले समजन बी नाही."

तरी त्याचा पाय निघत नव्हता. घरी मुलगा हट्ट धरून बसला होता आणि लाल रंग त्याच्याही डोळ्यांत भरला होता. अध्यक्षांनी ते ओळखलं. ते बियाणं विकणारे होते. न उगवणारी गोष्ट कशी विकायची हे त्यांना माहीत होतं.

"शेठ, तुमी पोळ्याले या," ते म्हणाले. "आमच्या गावचा पोळा मोठा भरते. गाडी तोरणाखाली उभी करू. लोकं कसे पाहतात ते पाहा, मंग ठरवा."

मी तिथेच उभी होते. मैत्रिणीची दिवाळी मोजत होते, गाडी खपेल, किल्ली मिळेल एवढंच डोक्यात होतं. पोळ्याच्या तोरणाखाली मोटार उभी करण्यात काही चुकतंय, हे माझ्याही मनात आलं नाही. आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली बैलांची रांग, आणि मधे दोन सीटांचं ते लाल पोट. मी म्हणाले, "चांगली कल्पना हाय, काका."

ज्यांनी पोळा पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच : आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी बैल पाहुणा असतो. त्याला जू लावायचं नाही, चाबूक उगारायचा नाही, कामाचं नाव काढायचं नाही. आणि तोरणाखाली झडत्या होतात. झडती म्हणजे जागच्या जागी जुळवलेलं टोमण्याचं कवन. त्या दिवशी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणारा गडी, मालकावर झडती म्हणू शकतो, आणि मालकाने राग मानायचा नाही, अशी रीत.

पोळ्याच्या दुपारी अध्यक्षांनी डाव्या खिशातून किल्ली काढली, वाचनालय उघडलं, आणि गाडी उतारावरून खाली आली. मुलाने तिच्या टपावर झेंडूची माळ टाकली होती. आरशांना गोंडे बांधले होते. बैलांच्या रांगेत जागा करायला लोकांना सांगितलं, लोक सरकले. बैल सरकले नाहीत. ठेकेदार खुर्चीवर बसला, त्याला टोपी घातली. बायका पोळ्यात उतरत नाहीत. आम्ही चौघी माझ्या आईसोबत पलीकडच्या ओट्यावर उभ्या होतो.

अध्यक्षांच्याच वावरात राबणारा एक म्हातारा सालदार होता. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण झडतीत त्याचा हात धरणारा आमच्या परिसरात कोणी नव्हता. तो अध्यक्षांची बैलजोडी धरून गाडीच्या शेजारीच उभा होता. पहिल्या दोन झडत्या पावसावर आणि सरपंचावर झाल्या. मग त्याने वर हात केला :

"वावरात लाल्या, घरात लाल्या,
पुस्तकाच्या खोलीत पसरला लाल्या!
बैल खाते कुटार, वढते नांगर,
लाल्या पेते पेट्रोल, अडवते घर!
एक नमन गौरा पारबती, हर बोला, हर हर महादेव!"

"हर हर महादेव!" गावाने एका आवाजात उत्तर दिलं. मग हसू फुटलं. आधी मागच्या रांगेत, मग सगळीकडे. आईच्या गळ्यातून असा आवाज आला की मी तिच्याकडे पाहिलं. ठेकेदारालाही हसू आवरेना. तो मांडीवर थाप मारून म्हणत होता, "लाल्या! अगदी बरोब्बर, लाल्या!" आणि हसता हसता त्याच्या तोंडावर दिसलं की ही गाडी घेऊन गेलो तर राजूरच्या चहाच्या टपरीवर आपलं नाव काय पडेल.

अध्यक्ष हसले. रीत होती. मुलाला रीत माहीत नव्हती. तो गाडीत बसला आणि सगळा राग त्याने पायाखाली ओतला. गाडी ओरडली, बैल बुजले, लोक बाजूला झाले. मागची चाकं काळ्या मातीत गरगर फिरली. श्रावण सरताना आमची जमीन काय असते ते आम्हाला विचारा. बूट घातलेला माणूस बुटाशिवाय बाहेर येतो. गाडी जितकी ओरडली तितकी खाली गेली, आणि शेवटी पोटावर बसली.

"बैल लावा रे!" मुलगा ओरडला. "दोन जोड्या लावा, ओढून काढा!"

कोणी हललं नाही. हसणंही थांबलं. त्याने पुन्हा सांगितलं. तो अध्यक्षांच्या सालदाराकडे वळला, "ए बुढ्या, तुले सांगून राह्यलो. जू लाव."

म्हाताऱ्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "मालक, आज?" एवढंच म्हणाला.

अध्यक्षांनी डोळे मिटले. त्यांना समजलं होतं. पोळ्याच्या दिवशी बैलाला जू लावायला सांगणारा माणूस त्या गावात पुन्हा बियाण्याचं एक पाकीटही विकू शकत नाही. ट्रॅक्टरवाला पोळ्यासाठी सासुरवाडीला गेला होता. ठेकेदार टोपी काढून, हात जोडून आपल्या गाडीकडे निघाला. लोक आपापले बैल घेऊन घरोघरी पूजेला गेले. अध्यक्ष मुलाला घेऊन दारव्ह्याला परतले. किल्ली खिशातच होती. दार लावायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

मी ओट्यावर बसून रडत होते, हे कबूल करते. माझ्या हिशोबाने सगळं संपलं होतं. गिऱ्हाईक गेलं, गाडी खपली नाही, म्हणजे खोली मिळणार नाही, म्हणजे मैत्रीण गेली. म्हातारा सालदार बैल पूजेला नेत होता, तो थांबला. मी त्याच्यावरच ओरडले.

"आबा, तुमी आजच काहून म्हटली झडती? तो घेत होता गाडी!"

"घेत होता तं घेऊ द्याची. मी काय धरून ठेवलं त्याले?"

"गाडी विकली असती तं खोली भेटली असती!"

 म्हाताऱ्याने हनुवटीने वाचनालयाकडे खूण केली. रुंद दार सताड उघडं. आत तेलाचे दोन डाग आणि वर्तमानपत्रांचा ढीग. मधली सगळी जागा मोकळी.

"पोरी, तुले खोली पाह्यजे होती ना?" तो म्हणाला. "मंग चिखलाकडे पाहून कायले रडून राह्यली?"

एवढी पत्रकं वाचलेली मी. एवढी पत्रकं लिहिलेली मी. वर्षभर मी हे मान्य करून चालले होते की खोली मोकळी करायची तर आधी त्यांची गाडी विकून द्यायची. हे कोणी सांगितलं होतं? ज्याने खोली अडवली त्यानेच. आणि मी त्याच्या वाक्याला उद्गारचिन्हं लावून छापून आणलं.

आम्ही चौघी गेलो. झाडलं, तेलाच्या डागांवर राख टाकली, कपाटांची तोंडं समोर फिरवली. वाळवीने खालचा कप्पा खाल्ला होता. वाळवी तेवढी नियमित वाचत होती. आई आली, मैत्रिणीची आई आली, टेबल आडवं केलं. मग मी म्हणाले, उद्या ते येतील आणि कुलूप घालतील. तेव्हा म्हातारा बैल बांधून पहार घेऊन आला. त्याने दाराकडे असं पाहिलं जसं तो बैलाच्या दाताकडे पाहतो. गोदामाचं जुनं दार, कड्यांत नुसतं बसवलेलं. त्याने खालून पहार घातली, चार बायांनी धरलं, आणि लोखंडी दार वर उचलून बाजूला निघालं. ते आम्ही उतारावर आडवं टाकलं. कुलूप घालायला काही उरलंच नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे दारापुढच्या पळसाच्या फांद्या उचलून शिवेबाहेर फेकतात आणि ओरडत जातात, "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत!" अध्यक्ष आले तेव्हा तोच गजर चालू होता. त्यांच्या सांगण्यावरून दोन जोड्या लावल्या, बैलांचा पाहुणचार आता संपला होता, आणि गाडी चिखलातून निघाली. ती ओढत उतारापर्यंत आणली. उतारावर दार आडवं. आत टेबलाभोवती आम्ही चौघी, गावातल्या आणखी सात-आठ मुली, आणि बाकावर माझी आई, जिला वाचता येत नाही, हातात नकाशाचं पुस्तक घेऊन.

"हे काय लावलं?" अध्यक्ष म्हणाले. "किल्ली माह्याजवळ हाय."

"असू द्या काका," माझी मैत्रीण पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "तुमच्याजवळच असू द्या."

बाहेर गजर चालूच होता. कोणीतरी त्यात शब्द घातला, "लाल्या घेऊन जाय गे मारबत!" आणि पोरंसोरं तेच ओरडायला लागली. गाडी बैलांमागे तशीच, माळेसकट, शिवेबाहेर गेली आणि तिथून ट्रकवर चढून दारव्ह्याला, दुकानामागच्या अंगणात, जिथे सगळ्यांना दिसत होती. ती अखंड कोणी घेतलीच नाही. सुटी सुटी गेली. तिची एक सीट दारव्ह्याच्या एका सलूनमध्ये आहे. माणसं तिच्यात बसून दाढी करतात आणि उठताना हात मागतात.

हे सगळं गोड झालं असं समजू नका. झडतीचा राग मानायचा नसतो ही रीत अध्यक्षांनी पोळ्यापुरती पाळली. पाडव्याला सालदारांचे नवे करार होतात, तेव्हा त्या म्हाताऱ्याला त्यांनी ठेवलं नाही. मी लगेच निषेधाचं पत्रक लिहायला बसले. त्याने मला थांबवलं. "मले पत्रक नको, काम पाह्यजे," म्हणाला, आणि चार शेतं सोडून पलीकडे कामाला लागला. आता तो संध्याकाळी वाचनालयात येऊन बसतो आणि मला म्हणतो, "वाच, आज कोणाचा लाल्या कोणाच्या खोलीत घुसला."

मैत्रिणीकडे दिवाळीनंतर पाहुणे आले. ती वाचनालयात होती. तिच्या बापाने त्यांना चहा दिला आणि बसवून ठेवलं, कारण 'वाचनालयात गेली हाय' हे उत्तर पुन्हा चालू झालं होतं. पाहुणे कंटाळून गेले. ती पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्या परीक्षेतही. तिसरीचा निकाल लागायचा आहे.

जुन्या दाराच्या जागी आम्ही नंतर साधं लाकडी फळ्यांचं दार बसवलं. त्याच्या कुलपाची किल्ली पिठाच्या गिरणीत, खिळ्याला टांगलेली असते. ज्याला पाहिजे तो घेतो.

आता तुमच्याकडे येते. हा कागद खाली ठेवा आणि आज संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, तुमच्या गावच्या वाचनालयापर्यंत चालत जा. दार उघडं असेल तर आत बसा आणि काहीही वाचा. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते चार लोकांदेखत, मोठ्याने विचारा. ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी जाऊन ती मागा. तो आधी काहीतरी काम सांगेल. करू नका. आणि किल्ली हाती आली की ती स्वतःच्या खिशात ठेवू नका. बायाबापड्यांचा हात पोचेल अशा एखाद्या खिळ्याला टांगा.